दोनवर

कॅमेऱ्याच्या भात्याला टाचणीएवढं भोक होतं,
आणि मला ते कळलं फिल्म धुतल्यावर,
म्हणजे बाबा गेल्यानंतर अकरा आठवड्यांनी.
बारा फोटो. बाराही भाजलेले.
आईनं पट्टी खिडकीपाशी धरली,
इकडून तिकडे पाहिली आणि म्हणाली,
"छान उजेड पाडलास, एलिसो."

कुताइसीतलं आमचं न्हाणीघर
दिवसा न्हाणीघरच असतं.
रात्री वॉशिंग मशिनवर एन्लार्जर चढतो,
दाराच्या फटीत ओला टॉवेल,
टबवर आडवी फळी, फळीवर तीन ट्रे
(त्यातला एक खरं तर मासे भाजायचा)
आणि लाल दिवा,
ज्यात आईसुद्धा तरुण दिसते.

पहिले चार सोपे गेले.
भिंत काप, अक्रोड काप,
आभाळ कापताना कुणाचंच काही जात नाही.
पाचव्यात त्सिआला मावशी गेली कानापर्यंत.
तिला फोन केला. ती म्हणाली, काप ग,
तो कान तसाही ऐकत नाही,
कर्णफूल तेवढं ठेव.

आठव्यात तू आहेस, झुरा,
नेहमीसारखा कडेला,
कडेवर नानुलीचं पोर,
एक पाय चौकटीबाहेर,
जणू गदान्स्कची बस फाटकात उभी आहे.
पांढरा लोळ नेमका तिथूनच आत आला.
तुला ठेवावं तर बाकीची मंडळी फिकट,
न ठेवावं तर
मी पट्टी केस केस सरकवत गेले.
तुझी बाही. तुझं कोपर. पोराची टाच.
टाच ठेवली.
जो पाहील तो विचारील, ही टाच कुणाची,
मग तुझं नाव निघेल.
एवढीच सोय करता आली.

बारावा मी मुद्दाम मागे ठेवला होता.
बाबा एकटेच, द्राक्षांच्या मांडवाखाली, जवळून.
लोळ वरून आला,
कपाळ पुसून, भुवया पुसून, डोळे पुसून
नाकाच्या शेंड्याशी थबकला.
खाली उरली मिशी, तोंड,
दोन दिवसांची खुंटं,
कॉलर, आणि वरचं बटण,
आईनं काळ्या दोऱ्यानं शिवलेलं,
कारण पांढरा संपला होता.

एन्लार्जरचं डोकं वर नेलं.
जितकं वर, तितका माणूस मोठा
आणि विरळ.
गालाचा रवा झाला.

डोळे नसले तर त्याला पोर्ट्रेट म्हणत नाहीत,
मला माहीत आहे.
आईला तो हवा होता थडग्याच्या दगडासाठी.
कोरणारा सिमोनिका दर सोमवारी विचारतो,
"चेहरा कधी देताय?"

कागद ट्रेमध्ये हलवत होते.
आधी बटण आलं. मग मिशी.
मग तोंड: उघडं, गोल.
आई वाकली.
"काय बोलतायत हे?"

तेव्हा आठवलं.
ते मोजत होते.
फोटो कुणीही काढो, मोजायचे तेच,
एर्ती, ओरी, सामी.
सामीला सगळे ताठ होतात, दात दाखवतात,
म्हणून मी कायम ओरीवरच दाबायचे.
ते चिडायचे,
"तीन तरी होऊ दे, पोरी!"

आई बोटानं कागद बुडवत राहिली.
मग स्वतःचे ओठ गोल करून पाहिले,
एकदाच, आवाज न करता.

उशिरा, दिवा मालवताना म्हणाली,
सिमोनिकाला सांग, नाव कोर, चेहरा नको.
हा इथेच राहू दे, आरशाशेजारी.
आणि ते कापलेले पांढरे तुकडे
टाकू नकोस लगेच.
आलुबुखारच्या बरण्यांवर
तारखा घालायला होतील.